लोकार्पणानंतर

सरकारी रुग्णवाहिकेच्या आयुष्यात थाटामाटाचा दिवस एकच, लोकार्पणाचा. त्या दिवशी तिला झेंडूचा हार घालतात, पुढच्या चाकाशी नारळ फोडतात, साहेबांच्या हातून किल्ली ड्रायव्हरच्या हाती जाते आणि फोटो नीट आला नाही म्हणून ती परत घेऊन पुन्हा दिली जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो फोटो झळकतो. तिसऱ्या दिवसापासून त्या गाडीचे काय होते, हे मात्र कोणी छापत नाही. मी त्या तिसऱ्या दिवसाविषयी लिहिणार आहे.

मी आर्वीकडच्या एका लहानशा गावचा. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे गावात कोणाच्याही नावे सरकारी कागद आला की तो वाचायला माझ्याकडे येतो. पीकविम्याचा असो, बँकेच्या नोटिशीचा असो, की घरकुलाचा. या कागदांनी मला पुस्तकांइतकेच शिकवले आहे. कागद फार शिस्तीचे असतात. त्यांच्यावर क्रमांक असतो, तारीख असते, सही-शिक्का असतो. शिस्त नसते ती कागदाबाहेर.

रुग्णवाहिकेच्या खरेदीचेच पाहा. आधी मागणी, मग तांत्रिक तपशील, मग निविदा, मग पुरवठ्याचा आदेश, मग बिल. प्रत्येक पायरीवर सही. मग पैसा मुरतो कुठे? साधी जीप घ्यायची असेल तर तिची किंमत शोरूममध्ये जाऊन कोणालाही विचारता येते. पण रुग्णवाहिका म्हणजे नुसती गाडी नव्हे. सांगाड्यावर बॉडी बांधावी लागते, आत स्ट्रेचर, प्राणवायूचे सिलिंडर, सक्शनचे यंत्र बसवावे लागते. या आतल्या सामानाचा भाव आम्हां सामान्यांना कुठून कळणार? शिवाय निविदेच्या अटी अशा बेताने लिहिता येतात की दहा दुकानदारांपैकी एकाच्याच अंगाला तो सदरा बसावा! आणि वर्षाअखेरची घाई तर सर्वांना ठाऊकच आहे. ३१ मार्चच्या आत पैसा खर्च झाला नाही तर तो परत जातो, म्हणून गाडी आधी येते आणि तिला चालवणार कोण, हा विचार मागाहून.

कोणी म्हणेल, हा खेड्यातला पोरगा ऐकीव गोष्टी लिहितो. पण महाराष्ट्रातली १०८ क्रमांकाची सेवाच घ्या. जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी ती सुरू झाली आणि तिने कितीतरी जीव वाचवले, हे मी मुळीच नाकारत नाही. परंतु २०२४ साली तिचे पुढच्या १० वर्षांचे कंत्राट देण्यात आले, तेव्हा त्यात हजारो कोटींचा गैरव्यवहार असल्याचा आरोप विरोधकांनी केला. सरकारने तो फेटाळला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. खरेखोटे ठरवणे माझे काम नव्हे. मला फक्त एवढेच दिसते की, जिच्यासाठी मोठमोठे वकील भांडतात ती गाडी आणि आमच्या फाट्यावर जिची वाट पाहतात ती गाडी, या जणू दोन वेगळ्या गाड्या आहेत.

बिहारच्या सारण जिल्ह्यातली मे २०२१ मधली गोष्ट तर सर्व देशाने पाहिली. करोनाची दुसरी लाट ऐन भरात, माणसे दवाखान्यासाठी वणवण फिरत आहेत, आणि खासदार निधीतून घेतलेल्या कितीतरी रुग्णवाहिका एका जागी ताडपत्र्या पांघरून उभ्या! खुलासा काय आला? चालक मिळत नाहीत. हा खुलासा वाचून पुष्कळांना हसू आले असेल. मला आले नाही, कारण तोच खुलासा मी आमच्याकडे ऐकला आहे.

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, मध्यरात्री, माझ्या मोठेबाबांना मण्यार चावली. ते जमिनीवर पथारी टाकून निजले होते. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. पण काही वेळाने पापण्या मिटू लागतात आणि मग श्वास. आमच्या गावात फोनला रेंज नसते. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आम्ही त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात आणले. डॉक्टर जागेवर होते. त्यांनी ताबडतोब प्रतिविष सुरू केले आणि म्हणाले, श्वास थांबला तर इथे यंत्र नाही, वर्ध्याला न्या.

दवाखान्याच्या आवारात रुग्णवाहिका उभी होती. नवीकोरी. सीटवरचे प्लॅस्टिकसुद्धा निघाले नव्हते. दारावर कोणाच्या शुभहस्ते लोकार्पण झाले ते ठळक अक्षरांत लिहिले होते. आणि मागची दोन्ही चाके काढून ती विटांवर ठेवली होती. मी शिपायाला विचारले तर तो म्हणाला, "गाडी आली बापा, तिच्या ड्रायव्हरची पोस्ट कुठी आली?"

शेवटी संत्री वाहणारा एक छोटा हत्ती मिळाला. रिकाम्या क्रेटांच्या मध्ये सतरंजी टाकून मोठेबाबांना निजवले. दवाखान्यातल्या सिस्टर आमच्याबरोबर निघाल्या. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. बासष्ट किलोमीटर त्या मोठेबाबांच्या तोंडावर मास्क धरून हातातला रबरी फुगा दाबत राहिल्या. हात भरून आला की मी दाबायचो, आणि त्या मोबाईलच्या उजेडात डोळे तपासायच्या. रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी मी लिहीत बसत नाही.

मोठेबाबा वाचले. नऊ दिवसांनी घरी आले. गावात कोणी म्हणाले देवीची कृपा, कोणी म्हणाले आयुष्याची दोरी बळकट. ते गेले असते तर हेच लोक म्हणाले असते, त्यांची वेळ भरली होती. वाचले तरी गाडीचे नाव नाही, गेले असते तरी नाही! महालेखापरीक्षक सरकारी खर्च तपासतात खरे. पण राज्याच्या आरोग्य व्यवस्थेची २०१६-१७ ते २०२१-२२ या काळाची तपासणी त्यांनी केली, तिचा अहवाल नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यायला डिसेंबर २०२४ उजाडला. मण्यारीचे विष इतके थांबत नाही.

म्हणून मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचे ठरवले. बाबा म्हणाले, "सरकारच्या मांगं लागून आपल्याले काय भेटते? उद्या रेशनकार्डावर नाव नाही राहणार." आमच्या सरांनी वेगळी भीती घातली. २००८ च्या मुंबई हल्ल्यात हेमंत करकरे मारले गेले. त्यांच्या बुलेटप्रूफ जाकिटाविषयी विचारणा झाली, तर खरेदीची फाईलच सापडत नाही असे उत्तर मिळाल्याचे २००९ साली वर्तमानपत्रांत आले होते, असे सर म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे, तर तुझी काय कथा!

तरी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. टेबलावरच्या बाबूंनी विचारले, "काहून पाहिजे तुले हे?" कायद्यात कारण सांगावे लागत नाही, हे मी वाचून गेलो होतो, तेच नम्रपणे सांगितले. त्यांनी माझ्या पायांतल्या चपलेकडे पाहिले आणि शिक्का मारला.

खरेदीची कागदपत्रे आमच्याकडे नाहीत, तुमचा अर्ज वरच्या कार्यालयाकडे पाठवला आहे, असे पहिले उत्तर आले. गाडीच्या लॉगबुकाच्या प्रती मात्र मिळाल्या. नऊ पाने, दोन रुपये पानाप्रमाणे अठरा रुपये. ती मी बसमध्येच वाचली. विटांवरची ती गाडी कागदावर चांगली धावत होती. महिन्यातून दहा-दहा, बारा-बारा फेऱ्या, प्रत्येक फेरीपुढे डिझेलचा आकडा. आणि आमच्या त्या रात्रीच्या तारखेसमोर: सर्पदंश, संदर्भ वर्धा, ये-जा १२४ किलोमीटर. रुग्णाच्या रकान्यात मोठेबाबांचे पूर्ण नाव.

मोठेबाबांना वाचता येत नाही. नाव कुठे आहे ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवायला लावले.

"म्हणजे मी या गाडीनं गेलो?"

"कागदावर."

"आन् डिझेल?"

"तेही कागदावर. पैसे खरे."

ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माह्या नावानं?"

वीस रुपयांचा स्टॅम्प लावून मी पहिले अपील दाखल केले आहे. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. मोठेबाबा स्वतः येणार आहेत. संत्र्याच्या गाडीवाल्याकडे त्या रात्रीची पंपावरची पावती अजून आहे. ती घेऊन तोही येतो म्हणाला.