खांद्यावरची होडी

मुलाच्या नोकरीमुळे आम्हां नवरा-बायकोचे कॅनडात जाणे झाले. ऑन्टारिओ प्रांतात १८९३ साली राखलेल्या अल्गोंक्विन अरण्यात आम्ही वाटाड्यासोबत दिवसभर कनू ही होडी वल्हवली. आम्हां दोघांनाही पोहता येत नाही. तरंगते जाकीट अंगात असूनही हातपाय कापत होते. "एकाने डावीकडून, दुसऱ्याने उजवीकडून वल्हवा," वाटाड्याने शिकविले. होडी सरळ चालली, भीतीही ओसरली.

एक तळे संपले की होडी खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचे. ती हलकी का, हे तेव्हा उमगले. भूर्ज झाडाच्या सालीची अशी होडी तिथल्या मूळनिवासींनी घडविली. त्यांच्यातल्याच एका समाजाचे नाव या अरण्याला आहे. आज साल गेली, घाट तोच राहिला. वाचकहो, होडीत बसताना ती घडविणारे हात आठवावेत.