चिठ्ठीतला परका शब्द



कृष्णोपहास, म्हणजे मृत्यू, हिंसा, आत्मघात अशा ज्या विषयांवर एरवी हसायचे नसते त्यांवरच हसायला लावून समाजाचे ढोंग उघडे पाडणारा प्रकार, शाळेच्या आवारात शिरला की त्याचा रोख मुलांवरच असतो, असे सर्रास समजले जाते, आणि शिक्षिका असलेल्या भाचीच्या, बेबीच्या, पत्रातही तेच गृहीत धरलेले आहे. ‘हीदर्स’ (१९८९) आणि ‘इलेक्शन’ (१९९९) हे दोन चित्रपट लागोपाठ पाहून तिने नववीतील एका मुलीला ‘कारस्थानी’ ठरवावे आणि वर्गप्रतिनिधीच्या उमेदवारांतून तिचे नाव गाळण्याचे मनात आणावे, हे वाचताना मामाचा चहा तसाच निवून गेला.

मायकेल लेहमन दिग्दर्शित आणि डॅनियल वॉटर्स लिखित ‘हीदर्स’मध्ये ओहायो राज्यातील एका शाळेवर हीदर याच नावाच्या तीन मुलींची सत्ता असते, आणि त्यांच्या टोळीतील चौथीला, व्हेरोनिकाला, दुसऱ्याचे हस्ताक्षर हुबेहूब काढण्याची कला अवगत असते. पहिल्या हीदरचा काटा काढला गेल्यावर व्हेरोनिका तिच्या नावाने आत्महत्येची चिठ्ठी लिहिते. तीत ‘मिरियड’, म्हणजे अगणित, असा एक भारदस्त शब्द येतो, जो त्या मुलीला जिवंतपणी शब्दसंग्रहाच्या चाचणीत आलेला नव्हता. आणि पुढे शिक्षकांच्या बैठकीत तो तिने अचूक वापरला याचेच कौतुक होते! अक्षर तिचे वाटत होते, शब्द मात्र परका होता, आणि तो परका आहे हे ओळखायला तिच्या वह्या मन लावून तपासलेला एक शिक्षक पुरेसा होता. (वह्यांविषयीचा मामाचा हेका बेबीला पाठ आहे.) डॅनियलचे धाकटे बंधू मार्क वॉटर्स यांच्या ‘मीन गर्ल्स’मध्येही (२००४) चहाड्यांनी भरलेली वहीच मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचते, आणि तिथेही त्या वहीत कुणी काय व का लिहिले हे मोठ्यांना उमगत नाही. मुले निष्पाप असतात असे यात मुळीच सुचवायचे नाही. ‘हीदर्स’मधली मुले खून पाडतात. पण त्यांचे डाव साधतात ते मोठ्यांना हवी तीच गोष्ट वाचायची सवय असल्यामुळे.

अलेक्झांडर पेन यांचा ‘इलेक्शन’ तर बेबीने पुन्हा पाहावा. त्यातील ट्रेसी फ्लिक भित्तिपत्रके फाडून नामानिराळी राहते हे खरे. परंतु ती एका मताने निवडून आल्याचे दिसताच दोन मतपत्रिका चुरगाळून केराच्या टोपलीत टाकणारे मॅकॲलिस्टर हे नागरिकशास्त्राचे शिक्षक असतात, आणि तेही अतिशय लोकप्रिय.

राहिली एक काळजी. या पत्रात बेबीचे अक्षर उजवीकडे कलंडलेले आहे आणि ओळी खाली घसरत गेल्या आहेत, जे पूर्वी फक्त तिच्या बारावीच्या वर्षी दिसले होते. तेव्हा तिने जागरणे आधी थांबवावीत. नववीतल्या त्या मुलीचे नाव यादीत राहू द्यावे, आणि मतमोजणीला बेबीने स्वतः बसू नये.

— मामा