बालाघाटावरून निफाडला

गेवराई

प्रिय दादा,



तुझा प्रश्न नेमका आहे. निफाडात पाऊस आता कुठल्याही महिन्यात येतो, बाग औषधांवर जगते आणि वाइनरीशी करार असला तरी माल तिच्या दारापर्यंत पोचेल याची खात्री नसते. मग कोरड्या बीड जिल्ह्यात स्वस्तातली जमीन खंडानं घेऊन तिथं वाइनची द्राक्षं का लावू नयेत? हा विचार खुळचट नाही. जगात तो प्रत्यक्षात येऊ लागला आहे. फ्रान्समध्ये बोन या गावच्या द्राक्षतोडणीच्या नोंदी 1354 पासूनच्या मिळतात. त्या सांगतात, की 1988 नंतर तिथली तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी होऊ लागली. बोर्दोवाले जातींच्या बाबतीत कमालीचे सोवळे, पण त्यांनीही 2021 मध्ये सहा नव्या जातींना दार उघडलं, कारण जुन्या जाती उन्हात फार लवकर पिकतात. इंग्लंडच्या दक्षिणेला आता फेसाळ वाइनचा चांगला धंदा उभा आहे. तिकडे उष्णता वर सरकली आणि तिच्यामागून वेलही वर सरकली. मग आपल्याकडे पावसापासून पळून वेलीनं मराठवाड्यात यावं, असं वाटणं साहजिक आहे.

पण हा हिशेब तिकडचा आहे आणि तो इकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. युरोपातली वेल थंडीत पानं टाकून झोपते आणि उबेनं जागी होते, म्हणून तिथं सगळं तापमानावर ठरतं. आपली वेल झोपत नाही, तिचं वर्ष आपण कात्रीनं ठरवतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबराच्या आसपास फळछाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी. वाइनच्या बागांची फळछाटणी थोडी आधी होते, एवढाच फरक. तुला हे सांगणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवण्यासारखं आहे, पण पुढचा मुद्दा यावरच उभा आहे. खरड छाटणीनंतर, मे-जूनमध्ये, नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा सूक्ष्म घड तयार होतो आणि त्याला लख्ख ऊन लागतं. 2025 मध्ये मे महिनाच पावसात गेला, मोसमी पाऊस 26 मेला मुंबईत पोचला आणि ढगांनी पुढं कित्येक आठवडे सूर्य धरून ठेवला. ऑक्टोबरात छाटणी झाल्यावर बागांमध्ये घड कमी दिसले, दिसले त्यातले पुष्कळ जिरले. त्या घडांवर पाऊस पडला नव्हता. ते घड जन्मालाच आले नव्हते, आणि ते ठरलं पाच महिने आधी. म्हणजे आपल्या वेलीला कमी पाऊस नको आहे, तिला ठरलेल्या तारखांना ओल आणि ठरलेल्या तारखांना कोरड हवी आहे. हवामानबदल मोडतो आहे तो तारखांचा क्रम.

आता बीडकडे या दृष्टीनं पाहा. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास. ही सरासरी वाचून कोरडा जिल्हा म्हणणं सोपं आहे, पण सरासरीचं वर्ष इथं क्वचितच येतं. 2012, 2014, 2015, 2018 ही तहानेची वर्षं. 2021 च्या सप्टेंबरात मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, आणि 2025 च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात पिकांखालची मातीच वाहून गेली. गारपीट घे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती नाशिकला जशी झाली तशीच बीडलाही झाली, आणि फेब्रुवारी-मार्च म्हणजे मण्यात साखर भरण्याचे दिवस. ज्या ढगापासून पळून यायचं, तो ढग दोन-अडीचशे किलोमीटर पुढं यायला एक रात्र लागते.

आणखी एक गोष्ट गेवराईत लिहावीशी वाटते, कारण या तालुक्याच्या कडेनं गोदावरी जाते. आपल्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यावरून सुटलेलं पाणी जायकवाडीत येतं, उजव्या कालव्यानं माजलगावच्या धरणाकडे वळतं आणि उरलेलं नदीनं खाली येतं. वर किती अडवायचं आणि खाली किती सोडायचं, यावर 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर नाशिक-नगर आणि मराठवाडा कोर्टापर्यंत भांडले आहेत. निफाडची बाग आणि गेवराईचं रान एकाच ताटातलं पाणी पितात. तेव्हा इथं बाग आणणं म्हणजे नव्या पाण्यावर बाग आणणं नव्हे, हे धरून चाल.

वहिनींना नमस्कार.

तुझा
धाकटा भाऊ


आष्टी

प्रिय दादा,

तुझी उत्तरं तीन आहेत, आणि तिन्हीत दम आहे. पहिलं असं, की वाइनच्या द्राक्षाला खाण्याच्या द्राक्षाइतकं पाणी लागत नाही. मणी लहान हवा, साल जाड हवी, वेलीला थोडा ताण दिला तर रस घट्ट होतो. हे खरं आहे. बालाघाटाचं पठारही या बाबतीत वाईट नाही. पाटोदा, आष्टी, मांजरसुंबा या भागात मुरमाड, निचऱ्याची जमीन आहे, उंची आहे, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बऱ्यापैकी गार असतात. केवळ माती आणि उंची पाहून कोणी शिराझ लावायचं म्हटलं, तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. पण ताण कधी द्यायचा, हा प्रश्न उरतोच. मणी धरल्यावर दिलेला ताण उपयोगाचा. खरड छाटणीनंतर, एप्रिल-मेमध्ये, नवी काडी फुटताना आणि वाढताना दिलेला ताण म्हणजे पुढचं पीक गमावणं. बाष्पीभवन सर्वांत जास्त असतं तेही याच दिवसांत. आणि आष्टी-पाटोद्यात टँकर फिरतात तेही याच दिवसांत. वर्षभराचं पाणी कमी लागतं या वाक्यात काही खोट नाही, फक्त जे लागतं ते नेमकं मे महिन्यात लागतं. ज्या गावात बायका तेव्हा टँकरच्या रांगेत असतात, तिथं बाहेरून आलेल्या माणसाच्या ठिबकमधून वेलीला पाणी जात असेल तर तो वाद तांत्रिक राहणार नाही, आणि राहूही नये.

दुसरं उत्तर तासगाव आणि सोलापूरचं. तेही दुष्काळी, तरी द्राक्षाची माहेरघरं झाली. झाली खरी. पण तासगावच्या बागांमागं ताकारी-म्हैसाळ उपसा योजनांतून चढवलेलं कृष्णेचं पाणी आहे आणि सोलापूरच्या मोठ्या भागामागं उजनी आहे. तिथली हवा कोरडी राहिली आणि मुळाशी ओल बाहेरून आली. द्राक्षाला याहून चांगली सोय नाही. शिवाय तासगावानं पिकाचा मोठा हिस्सा बेदाण्याकडे वळवला, त्याला कोरडी हवा फायद्याचीच. आष्टीलाही कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाचं पाणी आणायची योजना आहे, खुंटेफळच्या तलावाचं नाव इथं वर्षानुवर्षं घेतलं जातं. ते पाणी शेतात खेळू लागलं की मी माझं मत पुन्हा तपासीन. पाणी येणार आहे या भरवशावर वेल लावू नये, कारण वेल लावली की पंधरा वर्षं सोबत करावी लागते.

तिसरं उत्तर मला सर्वांत जड वाटतं. जालना तालुक्यातलं कडवंची. पाऊस असाच बेभरवशाचा, बाहेरून कालवा नाही, तरी द्राक्षानं गाव पालटलं. पण तिथं काम कोणत्या क्रमानं झालं ते बघ. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं झाली, चर खोदले, नाले अडवले, गावानं चराईवर बंधनं पाळली. विहिरींत पाणी टिकायला लागल्यावर बागा वाढल्या आणि शेततळी आली. म्हणजे कडवंचीत द्राक्ष आलं ते शेवटी. आणि ते गावानं केलं, एका शेतकऱ्यानं नाही. खंडानं पाच एकर घेणाऱ्याला हा रस्ता मोकळा नसतो. तो करू शकतो ते एकच, बोअर खोल घालायचं, प्लॅस्टिकचं शेततळं त्यातून भरायचं आणि जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी उन्हात वाफ व्हायला पसरून ठेवायचं. पावसाच्या पाण्यानं भरलेलं शेततळं आणि बोअरनं भरलेलं शेततळं दिसायला सारखंच, पण पहिलं साठा करतं आणि दुसरं शेजाऱ्याची विहीर उपसतं.

उष्णतेचं थोडक्यात. नाशिकला मार्चमध्ये तापमान चढतं तसं इथंही चढतं, बहुधा जास्तच. रात्री गरम झाल्या की मण्यातलं मॅलिक आम्ल भराभर जळतं, साखर मात्र चढतच राहते. मग वाइन जड, जास्त अल्कोहोलची आणि चवीला सपाट होते. वाइनरी टार्टारिक आम्ल घालून ती सावरू शकते, पण त्याचा खर्च ती द्राक्षाच्या भावातूनच काढते. तोडणी पहाटे करून माल गारव्यात पोचवायचा म्हटला, तर आष्टीहून विंचूरचं वाइन पार्क सुमारे दोनशे किलोमीटर. वेल सरकवता येते, वाइनरी सरकत नाही.

आणि बाजार? 2001 च्या धोरणानं नाशिकला वाइनचे सोन्याचे दिवस दाखवले. मग 2008 ची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनी मागणी बसली, आणि आपल्याच तालुक्यात करारावर लावलेल्या वेली लोकांनी उपटल्या. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंत्रिमंडळानं हो म्हटलं, पण विरोध एवढा झाला की निर्णय कागदावरच राहिला. वाइनच्या द्राक्षाला मंडई नसते, हे विसरू नकोस. खाण्याचं थॉम्पसन पावसानं डागाळलं तर मातीमोल का होईना, विकलं जातं. मणी तडकलेलं शेनीन ब्लां कोण घेईल?

तुझा
धाकटा भाऊ


धारूर

प्रिय दादा,

तू विचारलंस ते वर्मावर आहे. बीडमधून दरवर्षी लाखो माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, उचल घेऊन, कोयता खांद्यावर टाकून. द्राक्षबागेला काम लागतं ते याच महिन्यांत. मग बाग इथं आली तर त्यांना घरीच काम मिळणार नाही का? मी आतापर्यंत जे लिहिलं त्याविरुद्ध हा सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो मी पूर्ण खोडू शकत नाही. चार घरं जरी गावात राहिली आणि त्यांची मुलं वर्षभर शाळेत गेली, तरी ते मोठं काम आहे. अडचण एवढीच, की उचल हंगामाआधी घेतली जाते आणि बाग कोरड्या वर्षी मेमध्ये मरते. ज्या कुटुंबानं बागेच्या भरवशावर उचल नाकारली, त्याच्या हाती पुढच्या हंगामात काय राहील? पाण्याची हमी नसलेला रोजगार देऊ करणं हे उपकार नव्हेत. ती जोखीम सर्वांत दुबळ्या माणसाकडे सरकवणं आहे.

आता धारूर. इथल्या डोंगरउतारांवर सीताफळ आपलं आपण उगवतं. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि अंबाजोगाईच्या संशोधन केंद्रानं या परिसरातल्याच झाडांतून निवडलेल्या वाणाचं नाव धारूर-6 आहे. हे झाड उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतं आणि कडक दिवस जवळजवळ झोपून काढतं. मे महिन्यात ते काहीच मागत नाही. जे महिने द्राक्षाला सर्वांत महागात पडतात, तेच सीताफळानं आपल्या वर्षातून वगळून टाकले आहेत. पण म्हणून त्याची आरती ओवाळायची गरज नाही. फूल कोरड्या उष्ण हवेत धरत नाही, पाऊस सुरू होऊन हवेत दमटपणा आला की फळधारणा सुधारते. जुलैत खंड पडला की झाड हिरवं आणि फळ तुरळक. तयार होताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, झड लागली तर फळ तडकतं, काळं पडतं. आणि पिकल्यावर दोन-चार दिवसांत ते खाल्लं तरी पाहिजे किंवा गर काढून गोठवला तरी पाहिजे. (त्याची वाइन होईल का, असं तू विचारणार. आइस्क्रीम हेच त्याचं खरं भाग्य आहे.) तारखा मोडल्याचा फटका त्यालाही बसतो, पण फटका बसतो तो एका हंगामाला. द्राक्षात वेलीचे मांडव, तारा, खुंट, कलम, सगळं भांडवल जमिनीत रोवलेलं असतं आणि एक वाईट मे पुढचं पूर्ण वर्ष घेऊन जातो.

म्हणून माझं मत असं. बीडात जमीन घेऊ नकोस. निफाडची बाग तिथंच ठेव, पण सगळी फळछाटणी एकाच आठवड्यात उरकू नकोस, टप्पे पाड. एका एकरावर प्लॅस्टिकचं आच्छादन करून पाहा. ते पाऊस अडवतं, ऊन पूर्ण अडवत नाही, मात्र मे महिन्यात ते गुंडाळून ठेवायचं, नाहीतर घड घडण्याच्या दिवसांत आपणच सावली केल्यासारखं होईल. हवामानावर आधारलेला विमा घेताना हवामान केंद्र तुझ्या शिवारापासून किती लांब आहे ते विचार, कारण भरपाईचा वाद तिथंच होतो. आणि वाइनरीचा नवा करार आला असेल तर भावाच्या आकड्यावर सही करण्याआधी शेवटची पानं वाच. साखर किती ब्रिक्सला धरणार, आम्लता कमी भरली तर किती कापणार, आणि तोडणीच्या आठवड्यात पाऊस झाला तर माल नाकारायचा हक्क कोणाला. जुन्या करारात हे शेवटचं कलम एकतर्फी होतं. नव्यातही तसंच असेल तर तू एकट्यानं सही करू नकोस, गावातल्या चौघांनी मिळून ते बदलून मागा.

तुझा
धाकटा भाऊ