‘आम्ही’ जिंकलो की ‘आपण’?

प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत, ही गोष्ट शाळेत शिकतो आणि पुढे जन्मभर तिचा विचार करीत नाही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आम्ही जेवायला बसतो’ आणि ‘आपण जेवायला बसू’ या दोन वाक्यांत पाहुण्याच्या ताटाचा फरक आहे. हिंदीतल्या ‘हम’मध्ये पाहुणा आहे की नाही, हे प्रसंगावरून ओळखावे लागते (भोपाळकडचा ‘अपन’ तेवढा वेगळा). इंग्रजीत हा भेद नाही. सीमाभागातील वाचकांच्या रोजच्या कानावर पडणाऱ्या कन्नडातही आज ‘नावु’ एकच आहे. तेलुगूत मात्र ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असे दोन शब्द आहेत, आणि तमिळनेही हा भेद जपला आहे. मराठीने आणि गुजरातीने तो द्रविड भाषांच्या सहवासातून घेतला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

गुजरातीत हेच दोन शब्द ‘अमे’ आणि ‘आपणे’ असे आहेत. मी सुरतेत लिंबायत भागात राहतो. वडील धुळ्याकडून इथल्या लूम्सच्या कामाला आले आणि इथलेच झाले. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशा चार भाषांत आमच्या गल्लीतला माणूस दिवस काढतो. त्यांपैकी तीन भाषांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, म्हणून इथे सर्वनाम चुकले की माणूस दुखावतो. सोसायटीच्या बैठकीत कोणी ‘अमारामां आवुं न चाले’ म्हणाला, तर आमच्यात असे चालत नाही, तुमच्यात चालत असेल, असा त्याचा अर्थ. तोच माणूस ‘आपणामां आवुं न चाले’ म्हणाला, तर तीच तक्रार घरातली होते. चाळीस वर्षांच्या शेजारात मी दोन्ही वाक्ये पुष्कळ वेळा ऐकली आहेत, आणि कोणते वाक्य कोणत्या वर्षी जास्त ऐकू आले यावरून त्या वर्षीची शहराची हवा सांगता येईल, असे मला वाटते.

हे सारे १९ जानेवारी २०२५ च्या रात्री माझ्या मनात आले. त्या दिवशी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाचे दोन्ही अंतिम सामने झाले. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८–४० असे हरवले आणि मुलांनी नेपाळलाच ५४–३६ असे. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे, मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. स्पर्धा सुरू झाली १३ तारखेला, म्हणजे ऐन उत्तरायणाच्या तोंडावर. त्या दोन-तीन दिवसांत सुरतेत पतंगाशिवाय दुसऱ्या कशाला जागा नसते, तरी आमच्या गच्चीवर एका हातात फिरकी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून खो-खो पाहणारी पोरे मी पाहिली. अंतिम सामन्याच्या रात्री गल्लीत मराठी शेजारी ‘आपण जिंकलो’ म्हणाले. सौराष्ट्रातून आलेले हिऱ्याचे कारागीर ‘आपणे जीती गया’ म्हणाले. गंजामकडचा एक ओडिया मुलगा ‘हम जीत गए’ म्हणाला, आणि त्याच्या ‘हम’मध्ये कोण कोण आहे, हे त्या रात्री कोणाला विचारावे लागले नाही. ओडिशाच्या मगई माझी आणि शुभश्री सिंग या दोघी संघात होत्याच.

खो-खो हा महाराष्ट्राचा खेळ, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते खोटे नाही. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. पण ते नियम छापून पुस्तकरूपाने बाहेर आले ते बडोद्याच्या जिमखान्यातून, १९२४ च्या सुमारास. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे: गुजराती मुलखात मराठी राजघराणे आणि दोन्ही भाषांच्या आखाड्यांची गर्दी. म्हणजे हा खेळ तालमीतून पुस्तकात आला तोच दोन भाषांच्या घरात. ‘खो’ हा शब्दही दोन्हीकडे सारखाच चालतो. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे पिटाळले जाणे याला मराठीत ‘खो देणे’ म्हणतात आणि गुजरातीत ‘खो आपवी’. ज्याला दाखला काढायचा आहे, त्याला या वाक्प्रचाराचा अर्थ कोणत्याही भाषेत समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वनाम बदलले. मराठी मंडळींच्या समूहात संदेश फिरू लागले की विश्वचषक महाराष्ट्राने जिंकला, बाकीचे बरोबर होते इतकेच. दोन्ही कर्णधार मराठी, पुष्कळ खेळाडू मराठी, तेव्हा हिशेब सोपा होता. गुजराती मंडळींनी दुसरे नाव पुढे केले: ओपिना भिलार, डांग जिल्ह्यातील बिलीआंबा गावची. तिचे छायाचित्र, तिच्या गावचे मैदान, ‘गुजरातनी दीकरी’. त्यावर आमच्यातले एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांनी तरुणपणी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ऐकल्या आहेत, शांतपणे म्हणाले, “डांग तर मूळचा आपलाच. तेव्हा पोरगीही आपलीच.”

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. बोलणारा मराठी, ऐकणारे मराठी, म्हणून ‘आपला’. पण ‘आपण’ हे सर्वनाम ऐकणाऱ्याला आत घेते. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे, त्याला घेतेच असे नाही. डांगची ती मुलगी त्या खोलीत नव्हती. आम्ही तिला आपली म्हटले ते शेत आपले म्हणावे तसे. गुजराती ‘दीकरी’तही माया होती, आणि मालकीही होती. ज्या खेळात तिच्या पायांनी गुण मिळवले, तिथे कोणी तिची मातृभाषा विचारून गुण वाढवले नव्हते.

डांगची कहाणी सीमाभागातील वाचकांना नवी नाही, तरी सुरतेच्या बाजूने ती सांगितली पाहिजे. १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला. त्याच दिवशी ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातील ५० गावे आणि पश्चिम खानदेशातील १५६ गावे तेव्हाच्या सुरत जिल्ह्यात आली. त्या खानदेशी गावांपैकी पुष्कळ आज २००७ साली निघालेल्या तापी जिल्ह्यात आहेत. निझर-उच्छलकडच्या बाजारात उभे राहिले तर कान धुळे-नंदुरबारचाच भास करून देतो. डांगविषयी वाद आधीपासून होता. १९४९ साली बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई तिथे दौरा करून आले. डांगी ही मराठीची बोली की गुजरातीची, यावर दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी कागद काळे केले. दोन्ही बाजूंना उत्तर आधीच ठाऊक होते. पुरावा तेवढा शोधायचा होता.

आता एक गंमत पाहा. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीत मराठीला सातवा खंड मिळाला. खानदेशी, आणि तिच्या पोटात डांगी, यांना जागा मिळाली ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या शेजारी. अलीकडच्या जनगणनेतही अहिराणी आणि डांगी ‘खानदेशी’ या एकाच नावाखाली मोजल्या जातात. मराठीच्या रकान्यात नाहीत आणि गुजरातीच्याही नाहीत. म्हणजे माझ्या आईची भाषा आणि डांगच्या हाटात ऐकू येणारी भाषा सरकारी कागदावर एका ओळीत बसतात. मी स्वतःला मराठी म्हणतो, मनापासून म्हणतो, आणि तो माझा अधिकार आहे. पण डांगी माणसाने स्वतःला काय म्हणावे, हे ठरवण्याचा अधिकार त्यातून मला मिळत नाही. सीमाप्रश्नाचे आपले सारे म्हणणेच हे आहे की लोकांची भाषा लोकांनी सांगायची, राजधानीने नाही. ते म्हणणे डांगच्या वेळी सोडून देता येणार नाही.

खेळाच्या विजयाने माणसे एक होतात असे वर्तमानपत्रे दर वेळी लिहितात, म्हणून याबाबतीत जगातला सर्वांत गाजलेला प्रसंग थोडा जवळून पाहू. त्याचा धागा सुरतेपर्यंत येतो. खो-खोच्या या स्पर्धेत आपल्या दोन्ही संघांनी उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला हरवले. त्या देशाशी सुरत जिल्ह्याचे नाते शंभर वर्षांहून जुने आहे. जोहान्सबर्गमध्ये ‘खोलवड हाउस’ नावाची इमारत आहे. नाव आमच्या कामरेजजवळच्या खोलवड गावाचे. तिथल्या १३ क्रमांकाच्या घरात अहमद कथराडा राहत, ज्यांचे आईवडील सुरत भागातून गेले होते आणि ज्यांनी मंडेलांबरोबर तुरुंगात दशके काढली. त्या काळी रग्बी हा तिथे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांचा खेळ होता. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना स्टेडियमचा वेगळा कोपरा मिळे, आणि तिथून ते आपल्याच देशाविरुद्ध खेळणाऱ्या पाहुण्या संघाला टाळ्या देत. त्यांच्या दृष्टीने मैदानावरचा हिरवा संघ म्हणजे ‘ते’. त्यात भाषेची जखम होती: १६ जून १९७६ ला सोवेटोची शाळकरी मुले रस्त्यावर आली ती शाळेत आफ्रिकान्स माध्यम लादल्याच्या विरोधात, आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या.

असे असता २४ जून १९९५ रोजी एलिस पार्कवर मंडेला कर्णधार फ्रान्स्वा पिनारच्या सहा क्रमांकाचा हिरवा सदरा घालून उतरले, आणि दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १५–१२ असे हरवले. लोकांना सदरा आठवतो. मला त्याआधीची गोष्ट महत्त्वाची वाटते. मंडेलांनी तुरुंगात आफ्रिकान्स शिकून घेतली होती. ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्या भाषेत बोलण्यासाठी. आणि स्प्रिंगबॉक हे जुने चिन्ह काढून टाका असे त्यांचेच सहकारी म्हणत असताना त्यांनी ते राहू दिले. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने पहिल्यांदा ‘आपण’ म्हटले, आणि दुसऱ्याच्या अभिमानाची वस्तू त्याच्याकडून हिसकावून न घेता म्हटले. तरीही त्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. सिया कोलिसी हा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार विश्वचषक उंचावताना दिसायला २०१९ उजाडावे लागले. एका संध्याकाळी उच्चारलेल्या ‘आपण’ची भरपाई व्हायला चोवीस वर्षे लागली, आणि ती पुरी झाली असे तिथलेही कोणी म्हणत नाही.

आपल्याकडे ‘आपण’ची परीक्षा बक्षिसांच्या घोषणेत झाली. महाराष्ट्राने आपल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी २ कोटी २५ लाख रुपये आणि सरकारी नोकरी जाहीर केली. कर्नाटकाने आपल्या दोघांना, चैत्रा आणि गौतम यांना, प्रत्येकी ५ लाख जाहीर केले, आणि त्या दोघांनी ते नाकारले. बेळगाव-निपाणीकडच्या काही मित्रांनी मला ही बातमी हसून पाठवली: पाहा कर्नाटकाचा न्याय! मला हसू आले नाही. चैत्रा अंतिम सामन्याची सर्वोत्कृष्ट खेळाडू होती. एका मैदानावर, एका सदऱ्यात, एकाच सोन्यासाठी धावलेल्या मुलीला घरी परतल्यावर सीमा ओलांडल्याचा दंड बसला, आणि तिने तो मुकाट्याने भरला नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे गाऱ्हाणे आपले वाटायला हवे. ते कन्नड मुलीचे आहे, एवढ्याने ते परके होत नाही.

येथे कोणी म्हणेल की मग ‘आम्ही’ सोडूनच द्यावे. ते मला मान्य नाही. ‘आपण सगळे भारतीय’ हे वाक्य मी सुरतेत दोन प्रकारे ऐकले आहे. विजयाच्या रात्री ते दार उघडते. मुलांना मराठीत शिकण्याची सोय मागायला गेलो, तेव्हा एका कचेरीत तेच वाक्य दार लावण्यासाठी वापरले गेले: आपण सगळे एकच ना, मग वेगळा वर्ग कशाला? सुरतेची महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. ही या शहराची मोठी गोष्ट आहे, आणि ती ‘आपण एकच’ म्हणून गप्प बसल्याने झालेली नाही. कोणीतरी ‘आम्ही’ म्हणून मागणे मांडले, तेव्हा ते वर्ग उघडले.

त्याच मराठी वर्गांत इतिहासाचा तास असतो, आणि तिथे १६६४ आणि १६७० या सनावळ्या येतात. शिवरायांची सुरतेवरची स्वारी. मराठी पुस्तक, मराठी शिक्षक, आणि बाकावर सुरतेत जन्मलेली मुले. माझ्या मुलाने एकदा घरी येऊन विचारले की त्या वेळी आपण स्वारी करणारे होतो की इथले? मी त्याला महाराजांच्या मोहिमेची कारणे सांगितली, मोगलांच्या तिजोरीचे सांगितले. त्याने ऐकून घेतले. सर्वनामाचा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही, पण सोडलाही नसावा.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या भागातील पालकांनी माध्यमिक स्तरावर एक मराठी वर्ग टिकवण्यासाठी अर्ज तयार केला. अर्ज गुजरातीत, कारण वाचणारा अधिकारी गुजराती. पहिली ओळ ठरलेलीच होती: ‘अमे नीचे सही करनार’. तिच्यात बदल होऊ शकत नाही. मागणारे कोण हे स्पष्ट असायला हवे. दुसऱ्या ओळीत मसुद्यात ‘अमारां बाळको’ असे होते. त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी आमच्यातल्या एका शिक्षिकेने ते खोडून ‘आपणा शहेरनां बाळको’ असे लिहिले. जुने गृहस्थ, तेच डांगवाले, थोडे कुरकुरले आणि त्यांनी सर्वांत आधी सही केली. अर्जावर ४१ सह्या झाल्या. त्यांपैकी सहा जणांची मुले मराठी शाळेत नाहीत, आणि त्या सहाही सह्या गुजराती लिपीत आहेत. उत्तर अजून आलेले नाही.