आक्षेप कोणाचा, आदेश कोणाचा

संपादकांनी विषय दिला ‘दूरचित्रवाणी आणि धर्मभावना’, आणि कलमे टाळून लिहा अशी सूचनाही केली. कलमांशिवाय हा विषय सांगता येईल असे मला वाटत नाही. तरी दारव्ह्याच्या कोर्टात पक्षकाराला ज्या भाषेत समजावतो, त्याच भाषेत लिहितो.

बोरी अरबला संध्याकाळी माझ्याकडे जे लोक बसायला येतात, त्यांची पक्की समजूत असते की टीव्हीवरचे सगळे सेन्सॉर बोर्ड पाहून पास करते. तसे नाही. सेन्सॉर बोर्ड 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली चालते आणि ते सिनेमासाठी आहे. गाण्याच्या, नाचाच्या, प्रश्नोत्तरांच्या स्पर्धा कोणतेही सरकारी मंडळ आधी तपासत नाही. त्यांना 1995 चा केबल टीव्ही कायदा लागू होतो. त्याच्या नियम 6 प्रमाणे धर्मावर हल्ला करणारे किंवा धार्मिक समूहाची अवहेलना करणारे काही दाखवता येत नाही. तक्रार असेल तर आधी वाहिनीकडे, मग वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे, शेवटी केंद्र सरकारकडे. ही तीन पायऱ्यांची सोय 2021 मध्ये झाली. पण या पायऱ्या चढायला कोणी तयार नसते. सगळ्यांना थेट ठाण्यात जायचे असते.

‘कौन बनेगा करोडपती’चे उदाहरण घ्या. 2020 च्या ऑक्टोबरअखेरीस या कार्यक्रमात प्रश्न आला: 25 डिसेंबर 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी कोणत्या ग्रंथाच्या प्रती जाळल्या? उत्तर मनुस्मृती. महाडची ही घटना आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. औशाचे आमदार अभिमन्यू पवार यांनी लातूरच्या पोलीस अधीक्षकांकडे अमिताभ बच्चन आणि सोनी वाहिनीविरुद्ध तक्रार दिली. त्यांचा आक्षेप असा की चारही पर्याय हिंदू ग्रंथांचेच होते. तक्रार देण्याचा हक्क त्यांना आहेच. पण घडलेल्या इतिहासावरचा प्रश्न गुन्हा कसा ठरेल, हे मला वकील म्हणून आजही उमगलेले नाही.

कारण असे की धर्मभावनेचे कलम, जुने 295-अ आणि 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचे 299, नुसत्या दुखावलेल्या भावनेवर उभे राहत नाही. आरोपीने जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धर्माचा अपमान केला हे दाखवावे लागते. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवले ते याच अटीच्या आधारावर. शिवाय सरकारची मंजुरी असल्याशिवाय न्यायालय अशा खटल्याची दखलच घेऊ शकत नाही. एफआयआर झाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे वर्तमानपत्रे छापतात, लोक तेच धरून बसतात आणि ज्याच्यावर तक्रार झाली तो माणूस वर्षानुवर्षे तारखा करतो. हे कलमही 1927 चेच. महाडला मनुस्मृती जळाली त्याच्या काही महिने आधी ते दंडसंहितेत आले.

आता माझ्या आवडीच्या निकालाकडे येतो. त्यासाठी थोडे लांबण लावतो, कारण तो आपल्या नागपूरचा आहे आणि आपल्याच लोकांना माहीत नाही. वऱ्हाडची अपिले तेव्हा नागपूर उच्च न्यायालयात जात. तिथे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ला खटल्यात सांगितले की शब्दांचा परिणाम तोलायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेने. दुबळ्या, डळमळत्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या नजरेने नव्हे. ए.आय.आर. या निकालसंग्रहाच्या 1947 च्या नागपूर भागात हा निकाल पहिल्याच पानावर आहे. पुढे जानेवारी 1988 मध्ये गोविंद निहलानींची ‘तमस’ दूरदर्शनवर सुरू झाली आणि फाळणीच्या दंगली दाखवल्याने धार्मिक तेढ वाढेल म्हणून ती थांबवण्याची मागणी मुंबई उच्च न्यायालयात आली. न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि आधी मिळालेली स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेले तेव्हा तिथे हीच नागपुरी कसोटी लावली गेली. मार्च 2025 मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने पुन्हा तिचाच आधार घेतला. या निकालाचा मला अभिमान आहे, आणि दारव्ह्याला युक्तिवाद करताना मी तो वाचून दाखवतो.

पण वर्षभरापासून एक प्रकरण मनातून जात नाही, आणि तिथे हा निकाल माझ्या कामाचा नाही.

तालुक्यातल्या एका मुलीचा गळा फार गोड. टीव्हीच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी ती नागपूरला निवड फेरी देऊन आली, आणि समाजातल्या जाणत्यांनी बापाला बोलावले. पोरीने पडद्यावर गाणे धर्मात बसत नाही, म्हणाले. धर्म कोणता ते लिहीत नाही; लिहिले की वाचक लगेच आपापली बाजू घेऊन बसतात. आसामात 2017 मध्ये नाहिद आफरीन या गायिकेच्या कार्यक्रमाविरुद्ध निदान छापील पत्रके निघाली होती, दाखवायला कागद होता. इथे कागदच नाही. सरकारने बंदी घातली असती तर मी नागपूर खंडपीठात रिट केले असते. नुसते पुढच्या लग्नात त्या घराला आवतण आले नाही. मुलगी मुंबईला गेली नाही.

कायदा नाही असे नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 चा अधिनियम केला, तो जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. धर्माच्या नावाने बचाव होईल याची मला धास्ती आहे. कारण 1949 चा मुंबईचा बहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात रद्द केला होता, आणि तो निकाल फेरविचारासाठी 2023 मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. तरीही ही लढाई लढण्यासारखी आहे.

बाप मात्र हात जोडतो. “साहेब, मले कोनाचं नाव नाही सांगाचं. तिचं लगन याच लोकायत करा लागते.” त्याला मी काय उत्तर देऊ? त्याची भीती खरी आहे, आणि तिच्यावर माझ्या पुस्तकात कलम नाही.

घरातली म्हातारी आजी मात्र तयार आहे. या कायद्यात पीडिताच्या कुटुंबातला कोणीही तक्रार देऊ शकतो, पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे. दिवाळी झाली की मी आजीचे म्हणणे लिहून घ्यायला जाणार आहे.