किमो भरणारे हात

मी स्टाफ नर्स आहे. गेली पाच वर्षं मराठवाड्यातल्या एका रुग्णालयात डे-केअर किमोथेरपीच्या खोलीत काम करते. पेशंट सकाळी एसटीने येतात, सलाईन लावून घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जातात. मुंबईला जाऊन फुटपाथवर पथारी टाकायची वेळ त्यांच्यावर येत नाही. म्हणून या खोलीचं मोल मला माहीत आहे. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत अशी केंद्रं सुरू करण्याची घोषणा झाली, तेव्हा आम्ही खूश झालो. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न लगेच आला. पेशंटला खुर्ची मिळेल, सलाईनचा स्टँड मिळेल. पण तिथे किमो भरणार कुठे आणि कोण?

किमोचं औषध बहुतेक वेळा छोट्या बाटलीत येतं, ज्याला आम्ही व्हायल म्हणतो. सायक्लोफॉस्फमाइडसारखं औषध पावडरच्या रूपात असतं. त्यात द्रव सोडायचा, विरघळवायचं, सिरिंजमध्ये ओढायचं आणि सलाईनच्या बाटलीत टाकायचं. व्हायलमध्ये हवेचा दाब वाढलेला असेल तर सुई काढताना औषधाचे बारीक तुषार उडतात. इतके बारीक की दिसत नाहीत. ते श्वासात जातात, टेबलावर बसतात, हाताला लागतात. पुढे हात दाराच्या कडीला लागतो, पेनाला लागतो, मोबाइलला लागतो.

या औषधांचा इतिहास सौम्य नाही. १९४२मध्ये अमेरिकेत येल इथे ज्या रसायनाचा कॅन्सरच्या पेशंटवर पहिल्यांदा प्रयोग झाला, ते युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातलं होतं. सायक्लोफॉस्फमाइड त्याच घराण्यातलं. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणं हे त्याचं काम. ती पेशी कॅन्सरची आहे की निरोगी माणसाची, हे त्याला कळत नाही. पेशंट हा धोका पत्करतो, कारण त्याला जगायचं असतं. डोस मोजून, रक्त तपासून दिला जातो. भरणाऱ्या नर्सला मात्र तेच औषध न मोजता, थोडं थोडं, रोज मिळतं. तिला त्याचा फायदा काहीच नाही. १९७९मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की अशी औषधं हाताळणाऱ्या नर्सेसच्या लघवीत जनुकांत बदल घडवणारे घटक जास्त सापडतात. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून हे माहीत आहे.

नियमाप्रमाणे किमो वेगळ्या खोलीत, खास कॅबिनेटमध्ये भरायचा. त्या कॅबिनेटमध्ये हवा वरून खाली वाहते आणि समोरच्या काचेआड अडते, त्यामुळे तुषार माणसाकडे येत नाहीत. आमच्याकडे आधी होती एक जुनी स्टोअररूम, एक टेबल आणि एक सीलिंग फॅन. पहिली लढाई त्या फॅनशीच. तो चालू असला की उडालेलं सगळं खोलीभर पसरतं. मे महिन्यात, अंगावर गाऊन, हातात ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या आणि फॅन बंद. मराठवाड्यातल्या वाचकांना जास्त सांगायला नको.

मग एकदा मशीन आलं. नारळ फुटला, फोटो निघाले. मी मागे जाऊन पाहिलं तर तो आडवा लॅमिनार फ्लो होता. त्यात गाळलेली हवा मागून पुढे, थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. औषध निर्जंतुक राहतं, पण भरणारी व्यक्ती तुषारांच्या वाटेत बसते. किमोसाठी हे मशीन रिकाम्या टेबलापेक्षाही वाईट. मी लेखी कळवलं. उत्तर आलं, ‘‘सिस्टर, लॅमिनार फ्लो मागितला होतात ना? मिळाला की!’’ मागणीपत्रात ‘उभ्या प्रवाहाचं’ हे शब्द होते, पण खरेदीच्या कागदांवर ते कुठेतरी गळून पडले होते.

त्याच काळात माझ्या एका सहकारीने ड्युटी बदलून मागितली. कारण सांगेना. इन्चार्ज म्हणाल्या, कारणाशिवाय कशी बदलू? प्रशिक्षण घेतलेल्या आम्ही तिघीच. संध्याकाळी ती मला हळूच म्हणाली, ‘‘ताई, दोन महिने झालेत. घरी सासूबाईंनाच सांगितलंय फक्त. तीन महिने व्हायच्या आत बाहेर बोलायचं नाही म्हणतात.’’

आपल्याकडे ही रीत घरोघरी आहे. आणि बाळाचे अवयव घडतात ते नेमके त्याच पहिल्या तीन महिन्यांत. गर्भार नर्सला किमो भरायला लावू नये, हे सगळ्यांना मान्य. पण गर्भार असल्याचं जाहीर करेपर्यंत सर्वांत नाजूक काळ निघून गेलेला असतो. नियम कागदावर बरोबर असूनही तिच्या उपयोगाचा नव्हता.

मी तिच्याबद्दल अवाक्षर न काढता इन्चार्जकडे एक प्रस्ताव ठेवला. कोणीही, बाई असो वा पुरुष, ‘मला काही महिने भरायला नको’ एवढंच सांगायचं. कारण विचारायचं नाही, लिहायचं नाही. स्तनपान असेल, बाळासाठी प्रयत्न चालू असतील, काहीही असेल. त्या बदल्यात आम्ही उरलेल्यांनी जास्त दिवस भरायचं आणि आणखी दोघांना शिकवायचं. इन्चार्जनी बराच वेळ विचार केला आणि सही केली. या बदलाला एक रुपयाही लागला नाही.

बिनखर्चाच्या आणखी गोष्टी आहेत. औषध टाकायच्या आधी सलाईनची नळी साध्या सलाईनने भरून घ्यायची, म्हणजे हवा काढताना औषध सांडत नाही. सिरिंज पिळून बसणारी घ्यायची, पाऊणपेक्षा जास्त भरायची नाही. व्हायलमध्ये हवा ढकलायची नाही, थोडी थोडी ओढून घ्यायची. ग्लोव्ह्ज अर्ध्या तासाने बदलायचे. भरण्याच्या खोलीत डबा नाही, पाण्याची बाटली नाही, फोन नाही. सांडलं तर कडेकडून मध्याकडे टिपायचं, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं. कचरा ‘सायटोटॉक्सिक’ असा शिक्का असलेल्या पिवळ्या पिशवीत, कारण २०१६च्या नियमांनुसार तो १२०० अंशांपेक्षा जास्त तापमानाला जाळावा लागतो.

ग्लोव्ह्ज नर्सेसना मिळायचे, मावशींना नाही. पण किमोनंतर साधारण ४८ तास पेशंटच्या लघवीत, उलटीत औषध उतरत असतं, आणि बेडपॅन उचलतात मावशी. आता त्यांच्या नावाने वेगळा बॉक्स येतो. पेशंटच्या घरच्यांनाही आम्ही मराठीत कागद देतो: दोन दिवस संडासात दोनदा भरपूर पाणी टाका, उलटीचे कपडे वेगळे धुवा, हातात ग्लोव्ह्ज नसतील तर निदान प्लास्टिकची पिशवी घाला. गावाकडे हे कपडे धुते ती बहुधा सून. कधीकधी तिच्याही पोटात बाळ असतं.

हे सगळं सांगताना एक भीती वाटते. आम्ही भागवून घेतो, म्हणून वरचे म्हणतात, ‘‘चाललंय ना!’’ जुगाडाचं कौतुक झालं की मागणी मरते. दोन ग्लोव्ह्ज आणि बंद फॅन हे कॅबिनेटची जागा घेऊ शकत नाहीत. धोका कमी होतो, जात नाही. म्हणून दर महिन्याच्या अहवालात मी तेच वाक्य परत लिहिते: उभ्या प्रवाहाचं सेफ्टी कॅबिनेट अद्याप उपलब्ध नाही. आडव्या मशीनवर आम्ही चादर टाकली आहे, चुकून नवीन कोणी वापरू नये म्हणून.

उद्या तुमच्या जिल्ह्यात असं केंद्र उघडेल. तुम्ही कुणाला तरी घेऊन जाल, आई, काका, मित्र. सलाईन चालू असताना तिथल्या सिस्टरला विचारा, ‘‘किमो कुठे भरता? कॅबिनेट आहे का?’’ नसेल, तर तक्रारवहीत तेवढी एक ओळ लिहून या. आमच्या अहवालापेक्षा नातेवाइकांची ओळ लवकर वाचली जाते, हे मी पाहिलं आहे.