विंध्याची प्रतीक्षा

मी न केलेली एक खरेदी माझ्या नावे मांडून तिजवर व्याज आकारणाऱ्या क्रेडिट कार्ड कंपनीकडे जी तक्रार मी गुदरली होती, तिला ‘प्रकरण विचाराधीन आहे’ एवढेच उत्तर वारंवार येत राहिले, तेव्हा अकोले येथे प्रवरेकाठच्या अगस्ती आश्रमाच्या आवारात बसलो असता मला विंध्य पर्वताचे स्मरण झाले. ‘मी परतेपर्यंत असाच नत राहा,’ असे त्याला सांगून अगस्ती ऋषी दक्षिणेस आले, ते परतलेच नाहीत. बिचाऱ्या विंध्याने मुदत विचारली नव्हती!

रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेने माझ्यासारख्या तक्रारदारांस तशी मुदत घालून दिली: कार्ड देणाऱ्या संस्थेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, अथवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते; टपालाने चंडीगडच्या केंद्राकडे धाडलेला अर्जही चालतो. रक्कम क्षुल्लक, वकिलाची आवश्यकता नाही; तरीही अर्ज लिहिताना चित्त क्षुब्ध झाले. मला पैसे हवे होते, की ‘तुमचे म्हणणे रास्त आहे’ असे कोणा अधिकारी पुरुषाच्या तोंडून ऐकावयाचे होते, याचा निवाडा मला करता येईना. अर्ज रवाना झाला आहे. मधल्या काळात नवे बिल आले; त्यात तीच रक्कम आहे, व्याज तेवढे वाढले आहे.